जिभेची पिन

दगू पगारची गाडी आडगावच्या ट्रक टर्मिनलला उभी,
मागे टोमॅटोचे कॅरेट, ताडपत्री अजून सैल,
आणि दगू सांगतोय, कसाऱ्याला दिवे असे लागतात
जसं कुणी उदबत्ती धरून पुढं चालतंय.

मी स्विचला हात लावला. चटका.
दिव्यांचा सगळा करंट एकटा पेलत होता बिचारा,
अकरा वर्षं.
रिले टाकू, म्हटलं. स्विचनं फक्त हूं म्हणायचं,
ओझं दुसऱ्यानं उचलायचं.
दगू हसला. आमचा थोरला तसाच आहे,
नुसता हूं म्हणतो.

फ्यूजबॉक्स उघडला तर एक घर रिकामं.
कंपनीनंच सोडलेलं, झाकणावर आकडेही छापलेले:
तीसला बॅटरी, मधे फ्यूज, सत्त्याऐंशीला दिवे,
पंच्याऐंशी-शहाऐंशीत गुंडाळी,
एक टोक स्विचला, एक अर्थला.
हे मला झोपेतही येतं.
पण घरात पिना नव्हत्या. चार भोकं, आत काळोख.

डब्यातली पिन घातली. गेली.
वायर ओढली. आली.
पुन्हा घातली, पुन्हा आली,
उधारी मागायला पाठवलेल्या पोरासारखी, हात हलवत.
मोबाईलचा उजेड धरला तेव्हा कळलं:
या घराला पाठीवर जीभ असलेली पिन लागते.
बारीक, तिरकी जीभ,
आत गेली की उघडते, मग मागे फिरत नाही.
माझ्या पिनेची जीभ पोटाशी.

द्वारकेला बंबशेठ म्हणाले, पिन म्हणजे पिन,
शंभराचं पाकीट घेऊन जा.
मुंबई नाक्यावर पोरानं विचारलं, नंबर काय?
नंबर असता तर तुझ्या दारात कशाला आलो असतो.
त्यानं फोटो काढून कुणाला तरी पाठवला,
दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.
शिंगाडा तलावाजवळ एकानं सुचवलं,
सोल्डर मार, गोंद ओत, जाऊ दे.
जाऊ दे.
या दोन शब्दांवर नाशकातल्या निम्म्या गाड्या चालतात
आणि जळतात त्याही.

शेवटी अंबड लिंक रोड, नसीमबीचं भंगार.
तिनं चष्मा लावला, माझी पिन बोटांत फिरवली,
म्हणाली, ये तेरी नहीं है,
आणि पत्र्यामागून एका मेलेल्या बसचं वायरिंग ओढून आणलं,
सापांचं गाठोडं जसं.
मी एक कपलर धरून खेचायला लागलो.
तिनं हातावर चापट मारली.
कानशीनं घासलेली छत्रीची काडी घेतली,
समोरून आत सारली, जीभ दाबली,
पिन आपणहून तिच्या तळहातावर आली.
चार काढल्या. पाचवी, म्हणाली, तू हरवशीलच म्हणून.
वायर किलोनं, जीभ फुकट.

परत आलो तेव्हा ऊन ताडपत्रीवरून उतरलं होतं,
दगू चाकाला टेकून घोरत होता.
वीतभर शेपटांना वायरी जोडल्या,
दबलेली एकेक जीभ नखानं पुन्हा उचलली.
तीस.
टक.
आवाज तांदळाच्या दाण्याएवढा. ओढून पाहिली.
नाही आली.
अजून एकदा ओढली, उगाच.

चौथीनंतर रिले बसवला, स्विच दाबला.
आतून आणखी एक टक,
आणि समोरच्या ट्रकच्या फळीवरचे दोन मोर
भर संध्याकाळी निळेशार झाले.
दगू उठून बसला. किती झाले? म्हणाला.
मी पेट्रोल धरलं नाही, द्वारकेचा चहा धरला नाही.
त्यातलेही पन्नास त्यानं कमी दिले.

रात्री सव्वादोनला फोन.
निवृत्ती, काय करून ठेवलंस रे हे?
मी अंथरुणात उठून बसलो. वास येतोय का जळका?
वास कसला. आता सगळे खड्डे दिसायला लागले ना.
काल काही दिसत नव्हतं, सुखानं जात होतो.

हळू जा, म्हटलं.
हूं, म्हणाला.