तळहात

स्विंडनमध्ये मंगळवारी दुपारी सव्वातीनला
मिस्टर प्रॅटली काउंटरवर सुटे पेन्स मोजत होते,
तेव्हा मला त्यांचे तळहात दिसले :
हळद लागून चार दिवस झालेल्या नवरदेवाचे असावेत तसे.
डोळे मात्र पांढरे स्वच्छ. म्हणजे कावीळ नव्हे.
गाजरं फार खाता का, विचारलं.
गाजरं कोण खातो, म्हणाले, आणि कोटाच्या खिशातून
बाटली काढून ठेवली समोर.
लेबलावर उगवता सूर्य. रोज दोन. कधी तीन.

"आतून गंज चढू नये म्हणून.
पंचवीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात गंज खरवडलाय,
गंज काय करतो ते मला विचार."

आणि सिगारेट?

"कमी केलीय. दहावर आणलीय."

पुढचं वाक्य मला पाठ आहे,
परीक्षेत लिहून त्याचे मार्क मिळवलेत मी :
सिगारेट ओढणाऱ्या हजारोंना हाच अर्क भरभरून दिला
फुप्फुसं वाचतील म्हणून,
आणि कॅन्सर उलट वाढलेला दिसला.
कागदावर ते वाक्य सरळ उभं राहतं.
समोर माणूस असला की
त्याचे पाय लटपटतात.

तरी सांगितलं. आतल्या खोलीत, दार लावून.
ते बराच वेळ झाकण उघडझाप करत राहिले.
"पण हे तर नैसर्गिक आहे ना?"

धोत्राही नैसर्गिकच, हे मी मनात म्हटलं, मराठीत.
धोत्र्याला इंग्रजीत काय म्हणतात
ते ऐन वेळी आठवेना.

"बघतो," म्हणाले. बाटली खिशात गेली.
लायटर होता त्याच खिशात.

घरी येताना बसमध्ये
कुठलं तरी काहीतरी टोचत राहिलं,
आणि रोडबोर्न चौकात कळलं काय ते.

दर डिसेंबरला माझ्या बॅगेत
चॉकलेटं आणि दाढीची पाती यांच्या मधे
मोज्यांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या असतात,
मधाच्या थेंबांसारख्या ई-च्या गोळ्या,
कऱ्हाडला, दिगूसाठी.
तिकडचं अस्सल.
दिगूची झडप मिरजेला बदलली, त्याला तीन वर्षं झाली.
रक्त पातळ ठेवायची गोळी तो रोज रात्री घेतो.
परक्यांना मी रोज विचारते, आणखी काय काय घेता?
भावाला विचारलं नाही. दिलं.

तिकडे रात्रीचे अकरा. फोनवर आधी त्याचं कपाळ आलं.
बाही वर कर, म्हटलं.
दंडावर जांभळाएवढा डाग, कडेने पिवळा पडत चाललेला.
बँकेच्या दाराला लागलं असेल, म्हणाला.
हिरड्यांतून येतं का?
येतं की. ब्रश कडक आहे.

उद्या सकाळी उठल्या उठल्या रक्त तपासून घे.
डॉक्टरांना या गोळ्यांचं सांग, बाटलीच दाखव.
त्यांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नकोस. आणि रात्रीची गोळी
आपल्या मनाने बंद करायची नाही, ऐकतोयस ना?

ऐकत होता.
मग बाटली खुळखुळवल्याचा आवाज आला.
"निम्मी शिल्लक आहे, ताई.
तुझ्या वहिनीला देऊ का?
महागाच्या आहेत."