जिन्याखालचं

मुरुगवाड्यातली ‘सागरतारा’, चार मजले, लिफ्ट नाही.
फोनवर सेक्रेटरीबाई म्हणाल्या होत्या, थोडंसंच सामान आहे.
थोडंसं म्हणणाऱ्यांचं मी
दोन खेपांचं भाडं आधीच धरून ठेवतो.

गच्चीवरून सुरुवात केली.
टाक्यांच्या मागे थर्माकोलची सहा मखरं,
एकाला अजून चिकटलेला सोनेरी कागदाचा मोर;
आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पेट्यांत पेंढा,
पेंढ्यात मांजरीची तीन पिल्लं
(ती मजुरीत धरली नाहीत).
लोखंडी कपाट एक. उचललं तसा तळ खाली राहिला,
वरचं माझ्या हातात आलं.
इथलं लोखंड असंच जातं.
समुद्र दिसत नाही त्या खोलीतही
तो रात्री येऊन चाटून जातो.

प्लायवूडचं तर विचारूच नका, दोन पावसाळे, की पोट फुगलं.
फणसाचं लाकूड असेल तर इम्तियाज नखाने खरवडतो,
आत पिवळं दिसलं
की माझ्याकडे बघून डोळा मारतो.

तिसऱ्यावर होडेकरांचा सोफा दारातून निघेना.
“आत गेला तेव्हा गेला होता,” वहिनी म्हणाल्या.
तेव्हा ग्रिल नव्हतं, चपलांचं कपाट नव्हतं,
आणि समोरचे नेवरेकर बोलत होते,
त्यांच्या दारातून वळवून घेतला होता.
इम्तियाजने समोरची बेल वाजवली. बराच वेळ.
दार उघडलं. सोफ्याचं अर्धं अंग
नेवरेकरांच्या हॉलमध्ये जाऊन उभं राहिलं, वळलं, निघालं.
कोणी काही बोललं नाही.
फक्त आतून कुणीतरी पंखा बंद केला,
पातं लागू नये म्हणून.

शेवटी जिन्याखालचं.
गंजक्या सायकलींच्या मागे, फुटक्या कॅरमबोर्डाच्या मागे
एक खुर्ची. मधोमध भोक, खाली भांडं अडकवायची कडी,
हातांना गुंडाळलेल्या चिंध्या, तीन रंगांच्या.
“ही कोणाची?”
बाईंनी वही काढली. वहीत नव्हती.
पहिल्यावरचे म्हणाले, आमच्या आत्याच्या वेळी
दुसऱ्यावरून आणली.
दुसऱ्यावरचे म्हणाले, आम्हाला तिसऱ्यावरच्या सोलकरांनी दिली,
त्यांचे वडील गेल्यावर;
आणि सोलकर तर फ्लॅट विकून मुलाकडे, मस्कतला.
निळी चिंधी पुरोहितबाईंच्या पातळाची,
हे मात्र तिघी एकदम म्हणाल्या.
मग जरा वेळ जिन्यावरून कोणी हललं नाही.

“वजनाला किती भरेल?”
सहा किलो, म्हटलं. पाइप पोकळ आहे.
“घेऊन जा. येणाऱ्याजाणाऱ्याला बरं दिसत नाही.”

टेम्पोत सगळ्यात वर ठेवली, हलकी म्हणून.
दोरी आवळतोय, तर आतून काठीचा आवाज.
पायरी, थांबणं, पायरी.
चौथ्यावरचे शिवलकर, बंदर खात्यातून निवृत्त,
अंगात बनियन, चष्मा कपाळावर.
आले, फाळक्याला हात टेकला, दम घेतला.
“ती उतरव रे.”
बाई म्हणाल्या, भाऊ, आता नवीन मिळते, चाकांची, घडीची.
“मिळू दे. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला.
चौथ्यावर अजून आलेली नाही ती.”
हसावं की नाही, कोणाला कळेना.
ते स्वतःच हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

उतरवली. तिथेच, अंगणात, लेंग्यासकट
बसून बघितली त्यांनी,
पांढऱ्या समुद्राकडून वारा येत होता त्या बाजूला तोंड करून.
“डावा पाय डुगडुगतो.”
इम्तियाजने फणसाची एक ढलपी पायाखाली सरकवली,
बाजूला काढून ठेवलेल्यातली, पिवळी.

मी सहा किलो वजा केले, पावती लिहिली.
बाईंनी बेरीज दोनदा करून बघितली.