बाटला

ग्रिम्सबीच्या मासळी बाजारात
पहाटे तीन चाळीसला काटा शून्यावर नाही,
कशावरच नाही. पडद्यावर नुसत्या तीन आडव्या रेघा.
रात्री मशीननं आपणहून कर्नल बदलला
आणि मॉड्यूल जुन्या घरातच राहून गेलं,
बिऱ्हाड हलवताना वरवंटा राहावा तसं.

कीथ ब्लँचर्ड, चाळीस वर्षं मासे तोलणारा,
पांढऱ्या गमबुटांत माझ्या पाठीशी उभा.
"सातला लिलाव आहे, डक."
डक म्हणजे बदक. इकडे मायेनं म्हणतात.
इमिंगहॅमहून ट्रक निघालेत,
हॅडॉक बर्फात आहे, आणि बर्फाला घाई आहे.

मॉडप्रोब म्हणतो, असं कुणी इथे राहत नाही.
फोल्डर उघडते. खरंच नाही.
सोर्स तेवढा आहे, २००९ सालचा,
माथ्यावर नाव, आर. टी. स्कॅम्बलर,
आणि खाली टीप:
वजन कधीकधी उणे येतं, का ते मला कळलेलं नाही, माफ करा.
त्याच्या पत्त्यावरची मेल परत येते.
एका माणसाच्या माफीवर
हा बाजार इतकी वर्षं चालला.

कंपाइल केलं. दोनशे बाराव्या ओळीला अडलं.
जिथे तीन गोष्टी द्यायच्या तिथे आता दोनच घेतात.
मधल्या काळात कुठेतरी कुणीतरी
तिसरी फाजील ठरवली, स्कॅम्बलरला न सांगता.
मी ती खोडते. बोटं गार, कीबोर्डला खारा वास.
पुन्हा.

इन्समॉड: अनोळखी चिन्ह.
अर्थात. मीच गाढव.
हा एकटा येत नाही, याच्या आधी
सीरियल पोर्टवाला येऊन बसायला हवा.
कोण कुणाच्या भरवशावर आहे ते न विचारताच
मी याला दारातून ढकललं.
मग डेपमॉडकडून सगळी नाती लिहून घेतली,
मॉडप्रोबला पुन्हा हाक मारली.

तो गप्प.
या घरात गप्प बसणं म्हणजे होकार.

तरी डीमेसेज वाचते, सवय आहे.
तळाची ओळ:
झाडाबाहेरचं मॉड्यूल आत घेतल्यानं
कर्नल बाटला.

लिहिलं होतं इंग्रजीत.
वाचलं मी मराठीत,
पावणेपाचला, उत्तर समुद्राच्या कडेला.
माझ्या बापानं हा शब्द विहिरीच्या काठावर ऐकला होता,
सहा वर्षांचा असताना, घागर रिकामी.
नंतर कुणी कुठे कुठे गोमूत्र शिंपडलं
ते तो हसत सांगायचा.
आम्ही हसायचो नाही.

इथे काय झालं?
काही नाही.
कर्नलनं स्वतःच्याच नावापुढे एक अक्षर टिपून ठेवलं,
उद्या काही बिघडलं तर कुठे पाहायचं ते कळावं म्हणून,
आणि कामाला लागला.
कुणी आंघोळ केली नाही.
पाणी होतं तेच राहिलं.

हे आवडून घ्यावं का, ते मला ठरवता येईना.
नोंद ती नोंदच.
मॉड्यूल काढून टाकलं तरी ती पुसत नाही,
मशीन पुरतं बंद होऊन
पुन्हा जागं होईपर्यंत राहते.
बापाच्या गावात
तशी सोय नव्हती.

"झालं का?" कीथ विचारतो.
वीस किलोचं माप ठेवतो काट्यावर.
वीस.
उचलतो.
उणे शून्य पॉइंट दोन.
मी स्कॅम्बलरची टीप दाखवायला जाते,
तोवर कीथनं तळव्यानं काट्याला
एक थाप दिलेली असते, म्हशीच्या पाठीवर देतात तशी.
शून्य.
"त्याला थोपटावं लागतं," तो म्हणतो,
"कुणी लिहून ठेवलं नाही वाटतं?"

बाहेर ट्रक रिव्हर्स घेताना पिपाणतोय.
टीपेखाली मी एक ओळ घालते, तारीख, माझं नाव.
पहिला खोका येतो, बर्फ गाळत:
एक्केचाळीस पॉइंट आठ.