बिनदोऱ्याची

दोरा संपला होता, एवढंच.
मी काही तिच्या बाजूची नव्हते.

भिशीचा डबा राजेश्वरी बोमड्यालकडं असायचा.
चौदा हजार दोनशे, त्यातले दोनशे चिल्लर.
शनिवारी उघडला तर आत
वही, आणि बडीशेपेचा वास.

रात्री आम्ही सातजणी पंच म्हणून बसलो
नागव्वाच्या पत्र्याखाली. एप्रिलचा पत्रा,
सूर्य जाऊन तीन तास झाले तरी तापलेला.
हात थांबवून चालत नव्हतं:
सकाळी चेकरला हजार विड्या मोजून द्यायच्या,
त्याच्या वहीत न्यायनिवाड्याला रकाना नाही.
म्हणून मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
आणि तोंडात राजेश्वरी.

नागव्वानं मधोमध रिकामं सूप ठेवलं.
"एकेक विडी टाका. लाल दोऱ्याची म्हणजे तिनंच घेतले.
बिनदोऱ्याची म्हणजे नाही."
सहा लाल पडल्या.
सातवी पडली तीच उलगडायला लागली.

"ही कुणाची?"

सांगता आलं असतं, थांबा ओ, दोरा संपला, बांधून देते.
पण यशोदा गुंडेटीनं माझ्याकडं असं बघितलं
जसं चेकर छाट काढताना बघतो.
मी म्हणाले, माझी.

आता कारण द्यायला पाहिजे होतं.
"राजेश्वरीकडं बडीशेप खातं कोण?" मी म्हणाले.
"तिचा नवरा," तिघी एकदम म्हणाल्या,
आणि इरम्मा इतकी हसली की तंबाखू सांडला.
माझा पहिला मुद्दा असा गेला.

मग बोलता बोलता मला आठवायला लागलं.
रुक्सानाच्या पोरीचं बाळंतपण अडलं तेव्हा
स्वतःचा नंबर कुणी सोडला होता?
रुक्सानानं मान वर केली नाही.
थोड्या वेळानं सुपातली आपली विडी उचलली,
दातानं दोरा तोडला, परत ठेवली.

"चोर बी नंबर सोडतंय," यशोदा म्हणाली.
"सोडतंय की. मग प्रत्येक सोडणारी चोर का?"
हे माझ्या तोंडून कुठून आलं, मला माहीत नाही.
तोवर मला खरंच वाटायला लागलं होतं.

इरम्मानंही दोरा काढला.
"अकराला नळ हाय. पाचव्या दिवशी येतंय पाणी.
चोर असू दे न्हाईतर साव, घागरी लागल्या पाहिजेत."
मला राग आला.
पाण्यासाठी दिलेलं मत नको, म्हणाले. बांध परत.
मी म्हणाले हे, जिचं मत
रिकाम्या रिळातून निघालं होतं.

तेव्हा यशोदानं कात्री खाली ठेवली.
"बरं. तिनं न्हाई घेतलं.
डबा कुठं असतोय ते कुणाकुणाला ठाऊक हुतं?
तिला, आणि आपल्या सातजणींना."

हात तेव्हा पहिल्यांदा थांबले.
शेजारच्या शेडातला माग तेवढा चालू,
खटाक, खट, खटाक, खट.
इरम्मा रुक्सानाच्या बांगड्यांकडं बघत होती,
त्या नव्या होत्या.
नागव्वा माझ्याकडं.
कुणीतरी, मी नाव घेत नाही,
हळूच लाल दोरा शोधायला लागलं.

तेवढ्यात नळ फुसफुसला.
घागरी, बादल्या, शिव्या, एकमेकींचे पदर,
सूप तिथंच राहिलं.
किती लाल होत्या शेवटी, कुणी मोजलं नाही.
सकाळी नागव्वानं सातही विड्या बांधून कट्ट्यात घातल्या,
तंबाखू वाया कशाला घालवायचा.
चेकरनं एकही छाटली नाही.

पुढच्या महिन्यात डबा नागव्वाकडं गेला.
राजेश्वरी आली. पैसे दिले, सही केली,
माझ्याशेजारी बसली
आणि पानं ओल्या फडक्यातून काढता काढता म्हणाली,
"दोरा हाय का गं तुझ्याकडं?"

मी अख्खं रीळ दिलं.