पेन्सिल उभी धरायची

इम्मानुएलकाकांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं:
पेन्सिल उभी धरायची. तिरपी झाली
की चप्पल बोटभर मोठी होते,
आणि सैल चप्पल म्हणजे जखम.
माझं नाव त्यांनी नंतर विचारलं.

मी आले होते कॉलेजचे वीस तास भरायला.
वरुडहून फाट्यापर्यंत एसटी, पुढे
संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांवर बसून टेम्पोनं.
मिसीबाईंचा दवाखाना आता नाही.
चाळीस खाटा होत्या म्हणे.
उरलाय एक व्हरांडा, एक कडुलिंब,
निळ्या रबराचे तक्ते, रापी, सोल्युशनचा वास
आणि दर दुसऱ्या शनिवारी
अकरा गावांतून येणारे पाय.

रोग कधीच बरा झालेला. गोळ्या खाऊन संपलेल्या.
फक्त गेलेली जाणीव परत आली नाही.
काटा रुतला तर रक्त बघून कळतं,
विस्तव लागला तर वासानं.
म्हणून आधी घमेल्यात वीस मिनिटं पाय,
मग घासणं, मग तेल,
मग खाकी कागदावर पाऊल.

पहिलं पाऊल पर्बताबाई तायवाडेंचं.
मी कागद सरळ केला. पुन्हा सरळ केला.
पेन्सिलीला टोक होतं, तरी टोक काढलं.
ती बघत राहिली, मग म्हणाली,
'पाय हाय व माय थो. चावत नाही.'

अंगठ्यापासून निघाले. करंगळी नव्हती,
तिथे रेघेला वळायचं कारणच पडलं नाही.
टाचेपाशी हात निसटला, टोक रुतलं,
मी दचकले.
ती शेजारणीला तुरीचा भाव सांगत होती.

डबे उघडायच्या आधी म्हणाली,
'आता तुहा पाय आण.'
काकांनी तिच्या मुठीत पेन्सिल
रबराच्या पट्टीनं बांधून दिली.
ती वाकली, जीभ दातात धरून,
आणि पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागात शिरली तशी
मी हसत कागदाच्या बाहेर.

'काय झालं व?'
'गुदगुल्या.'
पट्टीतली पेन्सिल तशीच थांबली.
'कशा होते थ्या? मले यादच नाही.
सांग बरं.'

मी मराठी घेऊन बी.ए. करते.
म्हटलं, मुंग्यांसारखं काहीतरी.
ती म्हणाली, 'मुंग्या मले माहीत हाय.
थ्या पयले आल्या होत्या.
थ्याच घेऊन गेल्या सारं.'

मग म्हटलं, नको नको वाटतं आणि
थांबूही नये वाटतं.
ती विचारात पडली.
'हे त माह्या धाकट्या जावयासारखं झालं,'
म्हणाली, आणि सगळा व्हरांडा हसला,
पण तिला हवं ते मिळालं नव्हतं,
हे दोघींनाही कळलं.

निघताना काकांनी पेटीतून वही दाखवली.
पानापानावर पावलं, एकावर एक काढलेली,
खाली मिसीबाईंच्या हातची नावं,
सगळ्या वेलांट्या चुकलेल्या:
गोवींदा, सखु, कीसन.
मधेच एक अरुंद, लांब पाऊल,
रेघ थरथरती, दोनदा वहीबाहेर गेलेली.
खाली लिहिलं होतं:
माझे. काढनार तुळसा.
मी फार हसली.

तुळसा कोण, काकांना ठाऊक नाही.
वहीतले बहुतेक कोण ते कोणालाच ठाऊक नाही.
मापं मात्र बरोबर असावीत.

वीस तास कार्तिकातच भरले. फॉर्मवर शिक्का बसला.
माघातल्या एका शनिवारी परत गेले,
संत्री संपत आलेली, टेम्पो मिळेना,
शेवटचं अंतर पायीच.
पर्बताबाई घमेल्यापाशी बसलेली,
निळ्या चपला बाजूला काढून ठेवलेल्या.
'सापडली काय व सांगाची रीत?'
नाही म्हटलं.
'बरं. मंग पाणी पाह्य आधी,
कढत त नाही ना.
माह्या हाताले समजत नाही.'

मी बाही वर केली.