दोन नळ

आमच्या डंडीच्या घरात बेसिनला दोन नळ आहेत.
एक पोळतो, एक गोठवतो,
मधलं काही नाही.
घर शंभर वर्षांचं. इतकी तोंडं धुतली गेली इथे,
तक्रार बहुधा कुणी केली नसावी.

मी फार्मसीत काउंटरमागे उभी असते.
दिवसातून चारदा तरी तेच सांगते परक्यांच्या लेकरांना:
वाटाण्याएवढं. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं.
तोंड टिपून जरा थांब, कोरडं होऊ दे.
डोळे, ओठ, नाकपुड्यांच्या कडा सोडून दे.
सुरुवातीला एक रात्र आड.
ती मान डोलावतात, पिशवी घेतात, जातात.
ग्रेगर नावाच्या एकाने वाटाणा बोटावर काढून दाखवला,
तो चांगला लिंबाएवढा होता.

आणि माझा स्वतःचा मुलगा, निनाद, पंधरा पूर्ण,
डॉक्टरांनी दिलेली ट्यूब त्याने पहिल्याच रात्री
नवरदेवाला हळद लावावी तशी लावली.
सकाळी लालबुंद, हनुवटी सोलपटलेली.
निळ्या अभ्र्यावर, माझ्या आईने कराडहून पाठवलेल्या,
जिथे गाल टेकला होता तिथे
रंग उडून गालाचाच नकाशा.

मी ओरडले नाही.
म्हणजे ओरडले, पण अभ्र्यासाठी.

मग बाथटबच्या काठावर बसलो दोघं.
तारुण्यपीटिका, म्हटलं. शब्द त्याला नवा.
फोड करून सांगितली,
फोडांची फोड, असा विनोदही केला.
तो हसला नाही.
माझ्या डाव्या गालाकडे बघत राहिला, खड्ड्यांकडे.
तू काय लावलं होतंस?
टूथपेस्ट. लिंबू. जायफळ उगाळून.
आणि नखं. नखं सगळ्यात जास्त.
मग?
मग काय. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझी उजवी बाजू आहे.

चार दिवस काही लावलं नाही, नुसतं साधं मॉइश्चरायझर.
पाचव्या रात्री पुन्हा पहिल्यापासून.
गरम नळाखाली ओंजळ, चटकन थंड नळाखाली,
कोमट इथे मिळत नाही,
हातात जमवावं लागतं.
पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा, जुना बनियन.
एक रात्र लावायचं, एक रात्र चेहऱ्याला सुट्टी.

तिसऱ्या आठवड्यात आणखी उठले.
दार आपटलं गेलं.
दाराबाहेरून मी, काउंटरवरचाच आवाज काढून:
होतं असं. आधी थोडं वाढतं कधीकधी.
आतून: तुझं औषध तूच लाव.
मी कपडे घडी करत बोलत राहिले, दाराशीच,
की हे आलेल्याला हाकलत नाही रे,
येणाऱ्याची वाट अडवतं.
म्हणून दिसतो त्या फोडावर नाही,
जिथे अजून काही नाही तिथेही लावायचं.
आतून पाण्याचा आवाज.
आधी एक नळ, मग दुसरा.

मे महिन्यात सनस्क्रीनवरून भांडण.
डंडीत ऊन कुठे आहे, दाखव, म्हणाला,
आणि खिडकीत उभा राहून टे नदीवरचं धुकं दाखवलं.
साडेनऊ वाजले होते, बाहेर लख्ख उजेड.
हे काय मग, म्हटलं.
गप्प बसला. सकाळी नाकावर पांढरा पट्टा होता,
न चोळलेला. मी काही बोलले नाही.

कुठल्या दिवशी काय कमी झालं, सांगता येणार नाही.
मी रोज बघत होते म्हणून मला दिसलंच नाही.
बारावा आठवडा, शाळेला सुट्टी लागायची होती.
वर्षभर कपाळावर ओढलेला तो केसांचा पडदा,
जेवताना सूपमध्ये बुडायचा, तरी हटत नसे.
काल बशी उचलता उचलता म्हणाला,
केस कापायचेत, पैसे दे.

किती कापायचेत?

त्याने बोट भुवयांच्या बरंच वर ठेवलं.