सात नंबर गप्प आहे

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चोवीस माग.
प्रत्येकाच्या पायाशी मी बसवलेली एक डबी,
साबणाच्या वडीएवढी.
दर मिनिटाला ती सांगणार,
मी अमुक नंबर, इतके आडवे धागे पडले.
आणि ऑफिसात, कूलरच्या मागच्या जुन्या संगणकात
कुणीतरी जागं हवं,
जे ऐकेल, लिहून ठेवेल, "बरं" म्हणेल.
एवढंच.
एवढ्यासाठी तीन आठवडे मी भाषा निवडते आहे.

सी मला कॉलेजपासून येते.
तिच्यात आपोआप काहीच होत नाही.
घेतलेली जागा आपली आपण परत करायची.
विसरलात तर ओरडत नाही ती;
तार तुटूनही माग चालूच राहावा
आणि सकाळी अख्ख्या टॉवेलभर
उभी फट सापडावी, तशी.

रस्ट उलटी.
ती माग सुरूच करू देत नाही.
ही जागा कुणाची? कुणाला उसनी दिलीस? कधीपर्यंत?
अकरा रात्री मी उत्तरं दिली.
बाराव्या रात्री ती हो म्हणाली,
तेव्हा मला आठवेना
मी तिच्याकडे कशाला आले होते.

गोबद्दल माझं वाईट मत नाही.
मे महिना होता, पत्रा तापलेला,
कुणाशीच नवी ओळख नको वाटत होती.

पायथॉन साडेसातला उघडली.
नऊच्या आत बत्तीस ओळी.
हळू आहे म्हणतात. असेल.
अडीच सेकंदाला एक निरोप येणार,
तेवढ्या सवडीत नान्ना बशीतल्या चहावर
एकदा फुंकर मारतात.

त्याच फुंकरीमागून त्यांनी विचारलं,
"ए भाषलो रास्तुन्नाव?"
पायथॉन, म्हटलं.
ते नव्हे, म्हणाले. मशीनची नव्हे.
बंद पडलं तर आम्हाला काय दिसणार?

नान्ना तेलुगू बोलतात, झोपेतसुद्धा,
पण वाचत नाहीत.
जिभेवर आलेली भाषा डोळ्यांपर्यंत पोचलीच नाही,
तिथे नगरपालिकेच्या शाळेतली मराठी आधीच बसलेली.
गुरुशांत कन्नडमध्ये बेरीज पुटपुटतो,
आकडा मराठीत मांडतो.
दस्तगीर जॉबर मागांना दखनीत शिव्या घालतो
आणि पगाराच्या वहीत सही करतो
"द. म. शेख", द वर भली मोठी रेघ ओढून.
मी लॅपटॉप मिटला. परत उघडला.
तेहतिसावी ओळ मराठीत लिहिली.

पहिल्याच रात्री, तीन वाजून दहा मिनिटांनी,
पडद्यावर आलं: सात नंबर गप्प आहे.
दस्तगीरनं अक्षरांवर बोट फिरवत वाचलं,
टॉर्च घेऊन गेला.
सात नंबर तर धडाडत होता.
डबीची वायर उंदरानं कुरतडली होती.
"वो गुंगा नै," तो लांबूनच ओरडला,
"तेराच कान खराब है!"

वायरची टोकं दातांनी सोलून
त्यानं त्यांना विणकराची गाठ मारली,
तुटल्या सुताला मारतात ती, बारीक, चपटी.
मी म्हटलं, चाचा, वायरला अशी चालत नाही.
त्यानं पडद्याकडे बोट केलं.
बरं.